हिरव्या पाण्याचे विरजण

बोरी बुद्रुक,
५ जानेवारी २००७

चि. स्नेहल,

आशीर्वाद द्यावा असे माझे नाते आहे. तो घ्यावा की नाही, हे तुझ्यावर सोडून मुद्द्यावर येतो.

माझ्या आधीच्या पत्रांना तू उत्तर दिले नाहीस. हे पत्र त्यांच्याहून वेगळे आहे, कारण यात मी स्वतःसाठी काही मागत नाही. कोचीच्या ज्या प्रयोगशाळेत तू शोभेच्या माशांचे विषाणूजन्य रोग तपासतेस, तिच्यापुढे मी एक प्रकरण मांडतो आहे.

तुझ्या वडिलांचा हौद कोरडा पडल्यापासून, ठमाबाईचा हौसेचा एक हौद सोडला तर, गावात कुणी गोल्डफिश पाळले नव्हते. गेल्या वर्षी ठमाबाईच्या पप्पूने पुढाकार घेऊन काही घरांचे मंडळ काढले. गणपतीच्या सुमारास परड्यापरड्यांत सिमेंटचे नवे हौद उभे राहिले. जुन्नरचा अन्सार मासे घेऊन पुण्या-मुंबईच्या दुकानांना पोहोचवतो. सुरुवातीच्या काही जोड्याही त्यानेच पाण्याच्या कॅनमधून आणून दिल्या. डिसेंबरअखेर कडक थंडी पडली आणि मासे तळाशी बसू लागले. कल्ले रक्त गेल्यासारखे पांढरे, अंगावर जखम नाही, खाणे बंद. नव्या वर्षाच्या तोंडाशी बहुतेक हौद रिकामे झाले.

पप्पूने निष्कर्ष काढला तो असा: "गावात नवीन काय आलं? अन्सारचे कॅन. मग रोग कुठनं आला, सांगा." दुसऱ्याच दिवशी अन्सारचा टेम्पो वेशीपाशी अडवून कॅन रस्त्यावर उलटे केले गेले. मासे धुळीत तडफडत होते. अन्सार टेम्पोला टेकून उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, "पप्पूभाऊ, मेलेले आणले असते तर माझा रोग म्हणा. हे तर जिवंत होते, आत्ता तुम्ही मारले."

रंगपंचमीनंतरच्या रविवारी मंडळाची सभा आहे. ठराव तयार आहे: अन्सारशी कुणी व्यवहार करू नये, आणि हे राजुरीपासून मंचरपर्यंत सर्वांना कळवावे. त्याचा सारा धंदा या दोन तालुक्यांत आहे. ठराव झाला तर तो उठला, असे समज.

पप्पूचे अनुमान म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मी ते दोन वाक्यांत खोडू शकतो. अन्सार याच कॅनमधून मंचरचे आणि घोडेगावचे मासे नेतो-आणतो. तिथे एकही हौद रिकामा झालेला नाही. परंतु सभेला नुसते 'नाही' पुरत नाही. अन्सार कारण नसेल तर कारण काय, हे दाखवावे लागेल, आणि ते दाखवणे मी शिकवलेल्या तर्कशास्त्राच्या आवाक्याबाहेर आहे. तुझ्या शास्त्राच्या आवाक्यात आहे.

नमुने कसे पाठवावेत, ते कळव.

तुझा काका,
सयाजी


बोरी बुद्रुक,
२१ जानेवारी २००७

चि. स्नेहल,

सूचनांचा छापील कागद मिळाला. सही नव्हती. पाकिटावरचा पत्ता मात्र हाताने लिहिलेला होता.

कागदात सांगितल्याप्रमाणे मरणासन्न मासेच घेतले, मेलेले नाहीत. मूत्रपिंडाचा आणि कल्ल्याचा तुकडा स्वच्छ स्पिरिटमध्ये ठेवला. फॉर्मॅलिन वापरले नाही. प्रत्येक माशाला वेगळे पाते. नारायणगावचा कुरियरवाला "काका, लोणचं का?" म्हणाला. मी नाही म्हणालो, आणि अधिक माहिती दिली नाही.

माणसाला नागीण ज्या कुळातल्या विषाणूने होते त्याच कुळातल्या एका विषाणूचा संशय तू कागदावर नोंदवला आहेस. हे मी पारावर सांगितले, ते सांगायला नको होते. ठमाबाई म्हणाली, "माशाला नागीन? मग बरुबर हाय. मानसाच्या कंबरंला येढा घालून तोंडाला शेपूट टेकायला नागिनीला आठवडा लागतोय. माशाची कंबर केवढी! सकाळी निघाली का दुपारी टेकली." त्यानंतर बराच वेळ कुणाला गंभीर होता आले नाही.

आता माझा विचार तपासून पाहा.

नवा हौद बांधला की त्यातले पाणी हिरवे झाल्याखेरीज पिलांना खाद्य मिळत नाही, हे तू जाणतेस. आपल्या गावात ते हिरवे होण्याची वाट कुणी पाहत नाही. जुन्या हौदातले घागरभर हिरवे पाणी आणून नव्यात ओततात, दुधाला विरजण लावावे तसे, आणि त्याला विरजणच म्हणतात. विरजण मागायला आलेल्याला परत पाठवायचे नाही हा घरोघरचा नियम हौदालाही लागू झाला. यंदा गावात जुना हौद एकच होता: ठमाबाईचा, पॉलिहाऊसमधला. सर्व घरांनी तिथून घागरी नेल्या.

सर्व म्हणजे एक सोडून. ठकूबाईचे ठमाबाईशी बांधावरून बोलणे नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, "तिच्या दारात घागर घिऊन मी जाईन व्हय? त्यापरीस पानी पांढरं ऱ्हायलेलं बरं." तिने मासे अन्सारकडूनच घेतले आहेत. ते सगळे जिवंत आहेत.

म्हणजे जिथे ठमाबाईचे पाणी तिथे मरण. जिथे ते नाही तिथे, अन्सारचे मासे असूनही, मरण नाही. दोन्ही बाजूंनी साखळी जुळते. असा चोख प्रयोग मी ठरवूनही मांडू शकलो नसतो. तो दोन बायकांच्या भांडणाने आयता मांडून ठेवला आहे.

आक्षेप एकच उरतो, आणि तो मोठा आहे. ठमाबाईचे स्वतःचे मासे गावात सर्वांत देखणे आहेत. माझा तर्क असा की पॉलिहाऊसच्या उबेत हा विषाणू माशात राहतो, पण मारत नाही. थंड पाण्यात मारतो. हा तर्क आहे, प्रमाण नव्हे. म्हणून तिच्या हौदातले दोन ठणठणीत मासेही पाठवले आहेत. ठमाबाईने ते स्वतः जाळीने काढून दिले. कशासाठी, हे तिने विचारले नाही. मी सांगितले नाही.

अन्सारच्या जुन्नरच्या गच्चीवरचे मासेही पाठवले आहेत. तपासायचे तर आरोपीलाही तपासावे. त्याची बायको नूरजहाँ टाक्या सांभाळते. जाळी माझ्या हातात देऊन म्हणाली, "घ्या काका, जो पाहिजे तो घ्या. निघाला रोग तर तोंडावर सांगा. नाही निघाला तर तेवढंच मोठ्यानं सांगा."

चौथी एक बरणी आहे. ती पाठवावी की नाही, याचा विचार करतो आहे.

तुझा काका,
सयाजी


बोरी बुद्रुक,
४ फेब्रुवारी २००७

चि. स्नेहल,

पोस्टकार्डावर तू दोनच शब्द लिहिलेस: "कुठली बरणी?" प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर द्यायचे तर पूर्ण द्यायला हवे.

बरणीत तुझ्या वडिलांच्या हौदातला एक गोल्डफिश आहे. जानेवारी १९९८ मध्ये धर्माजीचे मासे मेले, त्या आठवड्यात मी तो उचलून स्पिरिटमध्ये ठेवला. बरणीवर तारीख आहे. दर दिवाळीला स्पिरिट उतरलेले दिसले की भर घालतो.

त्या आठवड्यात काय झाले ते तू पाहिले आहेस, पण तेव्हा तू बापाच्या बाजूला उभी होतीस आणि तिथून सर्व दिसत नव्हते. धर्माजीचे म्हणणे होते की शेजारच्या गेणभाऊने द्राक्षबागेवर औषध फवारले, ते वाऱ्याने हौदात आले आणि मासे विषाने मेले. त्याने गेणभाऊची पाइपलाइन उखडली. पंच बसले. मला विचारले. मी म्हणालो, त्याच हौदात डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आहेत आणि ते जिवंत आहेत. विष जात पाहून मारत नाही. फवारणी सिद्ध झालेली नाही.

धर्माजी म्हणाला, "तू माजा भाऊ हाईस का त्याचा वकील?"

मी म्हणालो, "भाऊ आहे म्हणूनच खोटा दावा करू देत नाही."

तो घरात गेला, आणि मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याच्या दहाव्याला घाटावर तू मला म्हणालीस, "तुम्ही बरोबर होतात, काका. आता तुम्ही जा." मी गेलो. तुझ्या बोलण्याचा पहिला भाग खरा होता, आणि दुसऱ्या भागाचा अधिकार तुला होता.

आता बरणीचे सांगतो. तीत तोच विषाणू निघाला, तर अन्सार या प्रकरणातून कायमचा बाहेर पडतो. त्या साली तो नारायणगावात सायकलींचे पंक्चर काढत होता, माशांशी त्याचा संबंध नव्हता. कार्याच्या नंतर जन्मलेले ते कारण असू शकत नाही, एवढे पप्पूलाही पटेल. परंतु त्याच क्षणी तुझ्या वडिलांचा गेणभाऊवरचा दावा पडतो. त्यांनी उखडलेली पाइपलाइन, धरलेला अबोला, सारे पायाशिवायचे ठरते.

याशिवाय आणखी एक गोष्ट आहे. मागच्या पत्रात ती मी लिहिली नाही. ठमाबाईच्या हौदाला पहिले विरजण कुणाचे लागले, हे मी तिला विचारलेले नाही, कारण मला ते ठाऊक आहे. १९९७ च्या पावसाळ्यात तुझे वडील खांद्यावर घागर घेऊन तिच्या परड्यात जाताना मी पाहिले. पाण्याबरोबर मासेही होते. वाटेत धर्माजी मला म्हणाला, "म्हातारीला लई हौस हाय, सयाजी. चार मासं दिलं तर काय बिघडतंय?"

मासा धर्माजीचा, म्हणून आता तुझा आहे. तुझ्या मालकीच्या वस्तूवरून तुझ्याच बापाविरुद्ध निष्कर्ष निघणार असेल, तर तुझ्या संमतीशिवाय ती मी पाठवू शकत नाही. तू 'नको' लिहिलेस तर मी ठकूबाई आणि मंचरच्या आधारावर सभेत बोलेन. युक्तिवाद उभा राहील. मात्र पप्पूसमोर तो टिकेल याची खात्री देत नाही.

तुझा काका,
सयाजी


बोरी बुद्रुक,
२७ फेब्रुवारी २००७

चि. स्नेहल,

तू 'पाठवा' लिहिलेस, मी पाठवली, आणि अहवाल आज आला. तीनदा वाचला. पहिल्या दोन वाचनांत जे कळले नाही ते तुझ्या समासातल्या टिपांवरून कळले. टिपा नेमक्या आहेत. एकही शब्द जास्त नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो. चूक असल्यास सभेआधी कळव.

विषाणूचा जनुकीय मजकूर अत्यल्प असला तरी यंत्रात त्याच्या प्रतींवर प्रती काढून तो मोजण्याइतका वाढवता येतो. मजकूर नसेल तर प्रतीही निघत नाहीत. गावातल्या मरणाऱ्या माशांत गोल्डफिशच्या नागीण-कुळातला विषाणू निघाला. ठमाबाईच्या ठणठणीत माशांतही निघाला, थोडा, पण निघाला. बरणीतल्या माशात निघाला. अन्सारच्या गच्चीवरच्या माशांत निघाला नाही.

तेवढ्यावर मी थांबलो असतो. तू थांबली नाहीस, आणि तेच योग्य. विषाणू तोच, एवढ्याने घराणे एकच ठरत नाही. देशभरातल्या गोल्डफिशमध्ये तो असू शकतो. म्हणून तू मजकुराचा असा भाग वाचलास जो ठिकाणाठिकाणी बदलतो. आपल्या तिन्ही नमुन्यांत त्या भागातला एक तुकडा गळलेला आहे, तिन्हींत नेमका एकाच जागी. इतर शहरांतून तुझ्याकडे आलेल्या नमुन्यांत तो शाबूत आहे. नक्कल करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या वहीत एकच ओळ एकाच जागी गळलेली असली, तर परीक्षकाला आणखी पुरावा लागत नाही. मी चाळीस वर्षे परीक्षक होतो.

उबेविषयीचा माझा तर्क तू 'संभाव्य' म्हणून सोडला आहेस. 'सिद्ध' म्हटले नाहीस, याचा आनंद वाटला.

शेवटी खाली पेनाने तू विचारले आहेस: "सभेत बाबांचे नाव घेणार का?"

मी असत्य बोलणार नाही. परंतु सभेपुढचा प्रश्न 'अन्सारने रोग आणला का' हा आहे. त्याचे उत्तर बरणीवरच्या तारखेने पूर्ण होते. ती घागर कुणाच्या खांद्यावर होती, हे त्या उत्तराचे अंग नव्हे, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हा युक्तिवादातला दोष आहे. विचारलेच, तर मात्र मी टाळणार नाही. गेणभाऊ सभेला असणार आहे.

तुझा काका,
सयाजी


बोरी बुद्रुक,
१२ मार्च २००७

चि. स्नेहल,

सभा काल शाळेच्या पडवीत झाली. ठराव बारगळला. जे जसे घडले ते सांगतो.

अन्सारला बोलावल्याशिवाय मी बोलणार नाही, असे आधीच कळवले होते. तो आला आणि शेवटच्या खांबापाशी बसला. मी प्रथम ठकूबाईचे हौद सांगितले, मग मंचर-घोडेगाव, मग तुझा अहवाल. नूरजहाँने सांगितल्याप्रमाणे गच्चीवरच्या माशांचा निकाल मोठ्याने वाचला, दोनदा. मग बरणीवरची तारीख.

पप्पू म्हणाला, "त्या साली अन्सारभाऊ कुठं व्हता, ह्याला कोन साक्षीला?"

अन्सार खांबापासूनच म्हणाला, "नारायणगावात पंक्चर काढत होतो. तुझ्या लूनाचं पण काढलंय, पप्पूभाऊ. कॉलेजला होतास तू. ट्यूब बदल म्हणालो तर ऐकलं नाहीस."

पडवी हसली. पप्पूही हसला, मग भानावर येऊन त्याने विचारले, "काका, पर बरनीतला मासा कुनाचा?"

प्रश्न आला होता. मी म्हणालो, "आमच्या घरचा."

"आमच्या म्हंजी? धर्माजीआन्नाच्या?"

"आमच्या," मी म्हणालो.

गेली नऊ वर्षे मी त्या घराला 'धर्माजीचे' म्हणत आलो. काल म्हटले ते खोटे नव्हते. वाटण्या झाल्या तरी घराणे वाटले जात नाही. पप्पूने पुढे विचारले नाही.

विचारले ते ठमाबाईने. ती पदर सावरून उठली. "म्हंजी घागरी ज्या हौदातनं गेल्या त्यो माजा. माज्याच पान्यानं समद्यांची मासं गेली, असंच ना, मास्तर?"

मी म्हणालो, तुझ्या पाण्याने गेली, तुझ्या हाताने नव्हे. जे दिसत नाही ते देणाऱ्याला दोष लागत नाही. आणि तुझ्या हौदालाही कुणीतरी असेच प्रेमाने विरजण लावले होते.

तिने माझ्याकडे पाहिले. घागर कुणी आणली होती हे तिला आठवत होते, माझ्याइतकेच. ती म्हणाली, "त्या देनाऱ्याचं भलं व्हवो. लई देखनी मासं दिली व्हती त्यानं." आणि मुलाकडे वळून, "पप्पू, माजी मासं काढाय लागतील ना? मग उद्या खड्डा काढ. सोता काढ, गडी नगं." मासे काढून पुरण्याची तुझ्या अहवालातली सूचना मी सभेत अजून वाचून दाखवलीही नव्हती.

उठताना पप्पूने अन्सारला सांगितले, "अन्सारभाऊ, पुढल्या येळंस टेम्पो येशीपाशी थांबवू नगा. डायरेक आत आना."

"थांबवला मी नव्हता, राव," अन्सार म्हणाला.

गेणभाऊ बाहेर माझी वाट पाहत थांबला होता. म्हणाला, "म्हंजी माझ्या औशिदानं न्हाई मेली?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मला बागेत नेले. तुमच्या हौदाच्या बांधालगत चार ओळी आहेत. बाकीच्या बागेत माल तोडणीला आला आहे; त्या चार ओळींत भुरी रोगाने पांढरे पडलेले, वाळलेले घोस. खोडेही बारीक. मी कारण विचारले.

"त्या सालापासनं ह्या वळी फवारल्या न्हाईत. म्हनलं, असंल बी. वाऱ्याचं कोन सांगनार?"

मी म्हणालो, पंचांसमोर मी तुझ्यादेखत सांगितले होते, तुझा दोष नाही.

"तुमी सांगितलं. पर धर्माजी मरस्तवर बोलला न्हाई. मास्तर, मानूस इतकी वरसं उगं अबोला धरतो व्हय? म्हनलं, त्याला काईतरी ठावं असनार."

स्नेहल, गेणभाऊ निर्दोष आहे हे मी साऱ्या गावाला पटवून दिले होते. एकट्या गेणभाऊला ते पटलेले नव्हते. माझ्या युक्तिवादासमोर तुझ्या वडिलांचे मौन उभे होते, आणि त्याच्या मनात ते मौन जिंकले. नऊ वर्षे तो दर हंगामात चार ओळी त्या मौनाला देत राहिला. माझे अनुमान बरोबर होते. आजही त्यातला शब्द बदलणार नाही. पण गेणभाऊला जे हवे होते ते त्या अनुमानात नव्हते. ते तुझ्या अहवालात होते, आणि तो पाठवण्यासाठी तुला काय ओलांडावे लागले याची मला कल्पना आहे.

ठमाबाईचे मासे आज पुरले. सर्व हौद रिकामे करून चुना लावला आहे. उन्हात वाळू देत आहोत. बांधापलीकडचा तुमचा जुना हौदही मी साफ करून घेतला. गेणभाऊने आपली दोन माणसे दिली. मंडळाने ठरवले आहे की विरजण यापुढे कुणी मागायचे नाही आणि कुणी द्यायचे नाही. हे पाळले जाईलच असे नाही. आपल्याकडे कुणी घागर घेऊन दारात उभे राहिले की नाही म्हणणे जड जाते. तरी पाणी आपोआप हिरवे व्हायला किती दिवस लागतात, आणि त्याआधी कोणती तपासणी करावी, याविषयी लोकांच्या शंका आहेत. त्यांतल्या काही हौदापाशी उभे राहूनच सोडवता येतील.

अहवालासोबत तू लिहिले आहेस की बरणीतला थोडाच भाग वापरला, बाकी मासा शाबूत आहे, तो कुरियरने परत पाठवतेस.

कुरियरने पाठवू नकोस. काच आहे. स्वतः घेऊन ये.

तुझा,
सयाजीकाका